आयसोलेशन वॉर्डात नर्स म्हणून पहिली ड्यूटी लागलीय ना?

अगं, भीती वाटतेय हे लपवू नकोस. २०२० मध्ये, कोविडच्या वेळी, सोलापूरच्या उन्हाळ्यात पीपीई किटमध्ये घामानं निथळत ड्यूट्या केल्या आम्ही. पण मला आतून पोखरलं ते एका आजींच्या हातानं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. आजींनी माझा ग्लोव्हजमधला हात शेवटपर्यंत घट्ट धरला होता. मी कुणाशीच बोलले नाही, आणि पुढे कित्येक महिने माझी झोप उडाली. तू तसं करू नकोस. ड्यूटी संपली की बरोबरच्या सिस्टरशी दहा मिनिटं बोल, रडू आलं तर रड. डबा चुकवायचा नाही. कडक भाकरी नि शेंगाचटणी तरी पोटात जाऊ दे. आणि झोप येईनाशी झाली तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लाव. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही चालतं.