‘अपोकॅलिप्स नाऊ’ : मूळ की वाढीव?

प्रश्न : वाचनालयात व्हिएतनाम युद्धावरचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ हा चित्रपट दाखवायचा आहे. १९७९चा घ्यावा की २००१चा ‘रिडक्स’ (वाढीव आवृत्ती)? रात्री लाइनचा भरवसा नसतो. – एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : पहिल्यांदा पाहणाऱ्यांना १९७९चाच दाखवा. ‘रिडक्स’मध्ये सुमारे ४९ मिनिटं वाढली. सर्फिंगवेड्या लष्करी अधिकारी किलगोरचा सर्फबोर्ड पळवताना नायक कॅप्टन विलार्ड हसतो आणि त्याचा थंड, बंद चेहरा तिथंच सैल पडतो. फ्रेंच मळ्यावरचं जेवण युद्धामागचा वसाहतींचा इतिहास सांगतं. प्रसंग मोलाचाच, पण विलार्डची बोट थांबते, ज्याला मारायला तो निघालाय त्या कर्नल कर्ट्झकडे ओढणारा ताण तुटतो. फाइलची लांबी आधी तपासा: सुमारे १५० मिनिटं म्हणजे मूळ, २०२ म्हणजे रिडक्स. ‘रिडक्स’च लावलात तर मध्यंतर बोटीवरच्या क्लीन या तरुण सैनिकाच्या मृत्यूनंतर, मळ्याआधी घ्या.