'रन' फक्त धावत नाही

प्रश्न असा आला आहे: 'रन' म्हणजे धावणे हे शाळेत शिकलो, मग 'हिज नोज इज रनिंग', 'शी रन्स अ स्कूल', 'लेट मी रन धिस बाय यू' यांत धावतंय कोण? आणि हे सगळं पाठ करायचं का?

पाठ करू नका, कारण संपणार नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत. पीटर गिलिव्हर या संपादकाला या एका शब्दासाठी नऊ महिने लागले. १९८९ च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता, सुमारे ४३० अर्थांचा. २०११ च्या सुमारास 'रन'ने त्याला मागे टाकलं.

माझ्या मते गोंधळ होतो तो 'धावणे' हाच मूळ अर्थ धरल्यामुळे. जुन्या इंग्रजीत 'रिनन' असं क्रियापद होतं आणि त्यात धावणे व वाहणे हे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये ही भावंडं आजही वेगळी नांदतात: 'रेनेन' म्हणजे धावणे, 'रिनेन' म्हणजे पाण्यासारखं वाहणे. 'रन'कडे वाहणे म्हणून पाहिलं की बरंच काही आपोआप उलगडतं. नाक वाहतं, नळ वाहतो. लाल सदरा आणि पांढरी चादर एकत्र भिजवली, चादरीवर गुलाबी ओघळ उमटले, की 'द कलर रॅन'. आपण म्हणतो रंग सुटला. 'टाइम इज रनिंग आउट' ऐकलं की वाळूचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा, वरची वाळू वाहून संपत आली आहे.

मग यंत्रं आली आणि शब्दाचा पसारा आणखी वाढला. इंजिन, कारखाना, आगगाडी, पुढे संगणकावरचा प्रोग्रॅम, सगळं 'रन' होऊ लागलं. इथे मराठीची गंमत पाहा. इंग्रजांचं यंत्र धावतं, आपलं चालतं! घड्याळ चालतं, शाळा चालवतात, खटला चालू असतो, नाटक चाललं तर महिनोन्‌महिने चालतं. म्हणून भाषांतर करताना अडलात तर आधी 'चालणे' लावून बघा. निम्म्या वेळा काम होतं.

उरलेल्या ठिकाणी मात्र मराठी आपली वेगळी वाट धरते, आणि मला तीच जास्त आवडते. 'लेट मी रन धिस बाय यू' म्हणजे 'एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो'. 'आय रॅन इन्टू हिम' म्हणजे त्याची अचानक गाठ पडली. खर्च 'रन्स इन्टू लाख्स' झाला की आपण तो लाखांच्या घरात नेतो. 'रनिंग अ फीवर'ला अंगात ताप आहे, 'रन अ रिस्क'ला धोका पत्करणे, 'इट रन्स इन द फॅमिली'ला ते त्यांच्या रक्तातच आहे. यांत 'धाव' कुठेही आणू नका. 'तो ताप धावतो आहे' असं भाषांतर मी खरोखर वाचलं आहे, आणि वाईट वाटलं.

निवडणुकीचं उदाहरण तर पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. आपला उमेदवारही उभाच राहतो.

'रन ऑफ द मिल'चा अर्थ बरेच जण 'गिरणी चालवणे' असा लावतात. गिरणीतून प्रतवारी न करता जसा बाहेर पडला तसा माल, म्हणून सर्वसाधारण, असा तो आहे. इथे 'रन' क्रियापद नसून नाम आहे.

'स्टिल वॉटर्स रन डीप' समोर आलं की लगेच 'उथळ पाण्याला खळखळाट फार' लिहिलं जातं. थांबा. आपली म्हण उथळ माणसाबद्दल आहे, त्यांची खोल माणसाबद्दल. पृष्ठभाग संथ, पण तळाशी पाणी वाहतंच आहे, ही खूण तिथे 'रन' या शब्दानेच दिली आहे. मी तिथे म्हण न वापरता 'अबोल आहे, पण खोल आहे' असं लिहीन.