रोजनामा स्वतः वाच

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा निकालाच्या प्रमाणित प्रती देणाऱ्या नक्कल विभागाबाहेरच्या बाकावर तू म्हणालीस, "काका, तारखा आता मोबाइलवर दिसतात, मग दिवसभर या कोर्टातून त्या कोर्टात मी कशाला पळायचं?" वकीलसाहेबांकडे कारकून म्हणून लागून तुला तीन महिने झाले. घरचे म्हणतात एलएलबी कर, मैत्रिणी म्हणतात स्पर्धा परीक्षा दे. ते तुझं तू ठरव. पण तुझा पळण्याचा प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

प्रत्येक प्रकरणाला असतो तो सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की मोबाइलवर जे दिसतं, ते कुणीतरी भरलेलं असतं. कधी चुकतं, कधी भरायला उशीर होतो. बघ जरूर, मीही बघतो. पण डायरीत तारीख चढवायची ती रोजनामा, म्हणजे कोर्टाने त्या दिवशी काय झालं त्याची केलेली नोंद, स्वतः वाचून. शिपाई म्हणाला, समोरचा कारकून म्हणाला, हे चालणार नाही. आणि नुसती तारीख उतरवून काय उपयोग? त्या दिवशी काय आहे? नि. ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, युक्तिवाद आहे, की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची आहे? कैफियतीचे ३० दिवस समन्स बजावल्यापासून धावतात, फार तर ९० पर्यंत. मग समन्स पोचवणाऱ्या बेलिफाचा अहवाल उघडून बजावणीची तारीख बघायला नको? की पक्षकाराच्या आठवणीवर सोडायचं?

१९९४ साली बांधाच्या एका दाव्यात आमचा पक्षकार हरला. जिल्हा न्यायालयात अपिलाला मुदत ३० दिवस. निकालानंतर चौथ्या दिवशी मी नकलेचा अर्ज टाकला. नक्कल बाराव्या दिवशी तयार झाली आणि मी ती आणली एकतिसाव्या दिवशी, कारण मधे बहिणीचं लग्न होतं. नकलेवर शिक्का असतो: अर्ज केला, तयार झाली, दिली. मी 'दिली'ची तारीख धरून दिवस मोजले आणि साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, अजून भरपूर मुदत आहे. मुदत कायद्याचं कलम १२ नकलेचे दिवस वगळतं, पण ती तयार होईपर्यंतचेच. तयार नक्कल पडून राहिली ते १९ दिवस आमच्याच अंगावर. नकलेचे नऊ दिवस धरून मुदत एकोणचाळिसाव्या दिवशीच संपली होती. अपील पन्नासाव्या दिवशी दाखल झालं, अकरा दिवस उशिरा.

विलंबमाफीचा अर्ज आला. त्याचा निकाल लागून अपील सुनावणीला घेईपर्यंत स्थगितीही मिळेना. तोवर समोरच्यांनी निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त चालवून बेलिफामार्फत ताबा घेतला. बांधावरचा आंबा पलीकडे गेला. म्हातारा मला एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या तारखेला आला तो पिशवीतून माझ्यासाठी ओल्या शेंगा घेऊन. त्या मी घरी नेल्या, पण माझ्याच्याने खाववल्या नाहीत. शिक्का माझ्या हातात होता गं. तीन ओळींचा शिक्का, आणि मी तो वाचला नाही!

तेव्हापासून मला हट्टी म्हणतात. साहेबही चिडतात, "तुमचा कुणावरच विश्वास नाही का?" माझ्या मुलालाही वाटतं की बाबांनी वकिलीची सनद घेतली असती तर बरं झालं असतं. मलाही वाटायचं. पण ज्या माणसाला तालुक्याच्या कोर्टापलीकडे काही माहीत नाही, त्याची मुदत कुणीतरी बोटावर मोजून सांभाळायला हवी. ते काम मी केलं, आणि त्या अकरा दिवसांनंतर माझ्या डायरीतून एकही मुदत हुकलेली नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पण सांगतो.

तू पुढे वकील झालीस तरी हेच कर. रोजनामा स्वतः वाच. अहवाल स्वतः वाच. नकलेवरचा शिक्का स्वतः वाच. कंटाळा येईल, मला रोज येतो.

तुमच्या वाटपाच्या दाव्यात मागच्या आठवड्यात निकाल झाला ना? नकलेचा अर्ज टाकलास का? नसेल तर सोमवारी साडेदहालाच जा. टाकला असेल तर "झाली का" म्हणून खिडकीवर विचारून परत येऊ नकोस. रजिस्टर दाखवा म्हण, आणि आपला नंबर स्वतः शोध.

तुझा,
काका