गॅस नसलेलं स्वयंपाकघर आणि अडकलेले पाच हजार

प्रश्न : आम्ही लातूरचे. वडील किडनीचे पेशंट आहेत, बाहेरचं खाणं पूर्ण बंद. कोल्हापूरच्या अंबाबाईचं दर्शन आणि किरणोत्सव (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा) बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. म्हणून ३० जानेवारी २०२६ पासून तीन रात्रींसाठी रंकाळ्याजवळ स्वयंपाकघर असलेला वन बीएचके फ्लॅट घेतला. जाहिरात एका बुकिंग अ‍ॅपवर होती, पण मालक म्हणाले, ‘अ‍ॅपवरून नको, कमिशन जातं, थेट पाठवा.’ दिवसाला २,२०० प्रमाणे ६,६०० आणि ५,००० डिपॉझिट यूपीआयने पाठवलं. पोचलो तर सिलिंडर रिकामा. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी माणसाबरोबर इंडक्शन पाठवलं, पण फ्लॅटमधली भांडी सगळी अ‍ॅल्युमिनियमची. दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी आले : ‘इथे दिवसाच्या भाड्याने राहायला परवानगी नाही, संध्याकाळपर्यंत सोडा.’ मालकांनी फोन उचलला नाही. आम्ही स्टँडजवळच्या लॉजवर गेलो, तिथे दोन रात्रींचे १,८०० प्रमाणे दिले. त्या धावपळीत ३१ तारखेचा किरणोत्सव हुकला. आता मालक म्हणतात, तुम्ही अर्धवट सोडून गेलात, पैसे मिळणार नाहीत. आमच्या हातून मिक्सरच्या भांड्याचं झाकण फुटलं होतं, त्यासाठी सगळं डिपॉझिट कापलं. पावती नाही, करारनामा नाही. सोसायटीला आम्हाला असं काढता येतं का? पोलिसांत जावं का? लॉजचा खर्चही मागू का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट दोनदा वाचले. ज्या संध्याकाळी अण्णांनी देवळात उभं असायला हवं होतं, त्या संध्याकाळी तुम्ही त्यांना रिक्षात बसवून बॅगा मोजत होतात. आमच्या गावात पाहुण्यावर ही वेळ आली याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण तुमची बाजू भक्कम आहे, हे आधी सांगते.

पावती नाही, करारनामा नाही, ही तुमची सगळ्यात मोठी धास्ती दिसते. ती सोडून द्या. करार म्हणजे स्टॅम्प पेपर, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. १८७२ चा करार कायदा तसं म्हणत नाही. तुम्ही विचारलंत, त्यांनी कबूल केलं, पैसे ठरले, पैसे पोचले, की करार झाला. तो तुमच्या फोनमध्ये तारीख-वेळेसह लिहिलेला आहे. २२ जानेवारीला तुम्ही विचारलंय, ‘वडिलांचं पथ्य आहे, गॅस-कुकर आहे ना?’ आणि त्यांचं उत्तर आहे, ‘सगळं आहे ताई, तुम्ही फक्त किराणा आणा.’ ही एक ओळ तुमच्या प्रकरणाचा कणा आहे.

उद्या ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली, तर तिथे प्रश्न एवढाच असेल, की तुम्ही विकत काय घेतलं होतं. नुसती झोपायला खोली कोल्हापुरात मिळाली नसती असं नाही. तुम्हालाच ती दुसऱ्या दिवशी १,८०० ला मिळाली. तरीही तुम्ही रात्रीला ४०० रुपये जास्त मोजलेत, ते ओट्यासाठी, गॅससाठी, कुकरसाठी. अण्णांची भाजी आधी उकडायची, ते पाणी ओतून टाकायचं, मग बेताच्या मिठात परत शिजवायची, असं तुम्ही लिहिलंय. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात हे पथ्य हॉटेलात कोण करून देणार? तेव्हा ‘एक गॅस नव्हता, बाकी सगळं होतं’ हा बचाव इथे टिकत नाही. ज्यासाठी पैसे दिले तीच गोष्ट मिळाली नाही.

मालक म्हणतील, मी इंडक्शन दिलं होतं. त्याला उत्तर तुम्ही काढलेल्या फोटोत आहे. ओट्यावर इंडक्शन, शेजारी अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकर. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचं भांडं लागतं. साध्या अ‍ॅल्युमिनियमचं भांडं त्यावर तापतच नाही. ती शेगडी असून नसल्यासारखी. तो फोटो जपून ठेवा, आणि तुम्ही कपिलतीर्थ मंडईतून आणलेली भाजी तशीच पिशवीत राहिली, हेही तक्रारीत लिहा. न्याय करणारी माणसंही घरी स्वयंपाक करतात, त्यांना ते लगेच कळेल.

आता कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत राहण्याची आणि जेवण्याची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. ‘माझं हॉटेल नाही, मी आपलं घर देतो’ म्हणून सुटका होत नाही. पैसे घेऊन, जाहिरात करून सोय दिली की ती सेवा. जाहिरातीत एक आणि प्रत्यक्षात दुसरं, ही सेवेतली त्रुटी. त्याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, त्यातल्या दोन बाबी तुमच्या प्रकरणात चपखल बसतात. एक, सेवेचं बिल किंवा पावती न देणं. दोन, सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि अशी मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत परत न करणं. म्हणजे पावती नसणं हा तुमचा दोष नाही, तो त्यांचा आहे. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या नियमांत ‘एकदा भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ असं होतं म्हणता. मालकाने एकट्याने लिहिलेली ओळ कायद्याच्या वर जात नाही. शिवाय तो कागद तुम्ही पैसे भरल्यावर पाहिलात.

डिपॉझिटचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे माणसं फार लवकर हार मानतात. डिपॉझिट हे तुमचेच पैसे, फक्त त्यांच्या हातात ठेवलेले. त्यातून कापायचं तर झालेलं नुकसान दाखवून, तेवढंच. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधी भरलेली रक्कम जप्त करण्यालाही हे कलम लावलं आणि नुकसानच झालं नसेल तर ती ठेवून घेता येत नाही असं म्हटलं. तुमच्याकडून झाकण फुटलं. तुम्ही त्याच संध्याकाळी ‘सॉरी, झाकण फुटलं’ असा मेसेजही केलात. काही वाचकांना वाटेल, कबुली देऊन चूक केली. मला तसं वाटत नाही. खरं बोललेल्या माणसाचं बाकीचंही खरं धरलं जातं. त्या झाकणाचे पैसे द्या. झाकण सुटं मिळत नसेल तर त्या भांड्याचे द्या. अख्ख्या मिक्सरचे नाही, आणि बिल दाखवल्याशिवाय तर एक रुपयाही नाही.

सोसायटीबद्दल. सेक्रेटरींनी तुम्हाला सौजन्याने सांगितलं असं तुम्हीच लिहिता, तेव्हा त्यांच्याशी भांडण काढू नका. सोसायटीचा वाद असेल तो तिच्या सभासदाशी, म्हणजे फ्लॅटमालकाशी. पाहुण्याला हाताला धरून बाहेर काढायचा अधिकार सेक्रेटरीला नाही. वाट अडवली, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा होऊ शकतो. तुमच्याबाबतीत तसं झालेलं नाही. मात्र या भेटीतून एक मोलाची गोष्ट हाती लागली आहे. मालकांचा २९ तारखेचा मेसेज पाहा : ‘गेटवर कुणी विचारलं तर आमचे पाहुणे आहोत म्हणा.’ सोसायटीची हरकत त्यांना आधीपासून माहीत होती, आणि ती लपवून त्यांनी पैसे घेतले. ‘तुम्ही मधेच सोडून गेलात’ हे म्हणणं या एका मेसेजपुढे उभं राहत नाही. तुम्ही सोडलं नाहीत. आजारी वडिलांना घेऊन तुम्हाला निघावं लागलं, आणि त्या वेळी मालक फोन उचलत नव्हते. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा. सहा मिस्ड कॉल दिसतात, ते पुरावा आहेत.

पोलिसांत जाऊ नका, असा माझा सल्ला. न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावायचं तर पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. २९ तारखेचा तो मेसेज थोडा त्या बाजूला झुकतो, नाही असं नाही. पण ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ एवढंच ऐकून परत यायची शक्यता जास्त, आणि अण्णांची तब्येत बघता लातूर-कोल्हापूर खेटे कशाला? फेसबुकच्या ग्रुपवर मालकांचा फोटो आणि नंबर टाकायचा विचार तुम्ही लिहिलाय, तोही सोडा. उलट बदनामीचा दावा अंगावर येईल. अ‍ॅपवर घडलं तेवढं, विशेषणं न लावता लिहा.

अ‍ॅपवाल्यांकडून मात्र फार आशा धरू नका. पैसे थेट दिल्यामुळे ‘आमच्याकडे बुकिंगच नाही’ असं ते म्हणणार. तरीही त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्याला बंधनकारक आहे. आणि त्याहून आधी, हे वाचून झाल्याबरोबर, त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात ‘गॅससह सुसज्ज किचन’ अजून तसंच लिहिलेलं आहे, मी पाहिलं. नोटीस पोचली की ते बदलेल.

आता किती मागायचं. उरलेल्या दोन रात्रींचे ४,४०० आणि डिपॉझिटचे ५,००० वजा झाकण. लॉजचे ३,६०० यात धरू नका. रात्रींचे पैसे परत घ्यायचे आणि त्याच रात्रींचा दुसरीकडचा खर्चही घ्यायचा, हे एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मागणं होतं, आणि त्याने चांगली तक्रार ढिली पडते. पहिल्या रात्रीचं भाडं काही प्रमाणात परत मागता येईल, स्वयंपाकघर तेव्हाही नव्हतंच. मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारखर्च जरूर मागा, अण्णांचे दोन दिवस दहीभातावर गेले हे कुणीही समजून घेईल. पण आकडा बेताचा ठेवा. अकरा हजारांच्या व्यवहारात पाच लाख मागणाऱ्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. त्यांचं पुढे काही होत नाही.

आधी नोटीस. वकिलाची लागत नाही, तुमच्या सहीची चालते. फ्लॅटच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा (जुनं रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिळवलं आहे), पोच मागून घ्या, आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. मजकूर इतका पुरे :

‘दि. ३० जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२६ या मुदतीसाठी आपण गॅससह स्वयंपाकघर असलेला फ्लॅट देण्याचं कबूल करून माझ्याकडून भाडं ६,६०० रु. व डिपॉझिट ५,००० रु. घेतलं. सिलिंडर रिकामा होता, दिलेल्या इंडक्शनवर चालणारी भांडी नव्हती, आणि सोसायटीची हरकत आपण माझ्यापासून लपवली. त्यामुळे ३१ जानेवारीला आम्हाला फ्लॅट सोडावा लागला. दोन रात्रींचे ४,४०० रु. आणि मिक्सरच्या झाकणाच्या बिलाची रक्कम वजा करून उरलेलं डिपॉझिट ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावं. तसंच घेतलेल्या रकमेची पावती द्यावी. अन्यथा ग्राहक आयोगात तक्रार करावी लागेल.’

त्याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा. पुष्कळ मालक एवढ्यावरच पैसे सोडतात.

नाहीच सोडले, तर तक्रार लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची, कोल्हापूरला यायचं नाही. जुन्या कायद्यात तुम्हाला इथे यावं लागलं असतं. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करायची मुभा दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरून दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे जानेवारी २०२८ पर्यंत, पण तेवढं थांबू नका. फोन बदलला की चॅट जातात. मालकांना म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे मुदतवाढ नाही.

एक बारकावा. तक्रार ‘सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ अशीच मांडा. ‘अनुचित करार’ हा शब्द कुणी सुचवला तर घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे नाहीत, राज्य आयोगाकडे जातात, आणि तेवढ्या एका शब्दावरून तुमची तक्रार परत येऊ शकते.

शेवटी मालकांचा परवाचा मेसेज, ‘दोन हजार देतो, चॅट डिलीट करा.’ डिलीट काहीही करू नका. तडजोड करायला माझी ना नाही, आठ हजारांच्या आसपास मिळत असतील तर वर्षभर तारखा करण्यापेक्षा ते घ्या असंच मी म्हणेन. पण रक्कम आधी खात्यात येऊ द्या, मग ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून द्या. चॅट त्यानंतरही राहू द्या. आणि त्यांच्याकडे अण्णांच्या आधार कार्डाची जी झेरॉक्स राहिली आहे, ती परत मागायची एक ओळ नोटिशीत वाढवा.