मागे पडणाऱ्या मुलांच्या तक्त्यात नाव आले, म्हणजे शिक्का बसला का?

‘शाळेने मागे पडणाऱ्या मुलांचा वेगळा तक्ता केला आहे आणि त्यात आमच्या मुलाचे नाव आहे, आता तो कायमचा कच्चा ठरणार का?’ हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. पुनर्परीक्षेची संधी असली तरी त्याच वर्गात राहावे लागण्याची शक्यता निर्माण झाली, आणि तेव्हापासून या प्रश्नामागची धास्ती वाढली आहे.

2024 मध्ये पाचवीत असलेल्या एका मुलाच्या आई याच धास्तीने माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पायाभूत चाचणीत, म्हणजे मागच्या इयत्तांचे किती पक्के झाले आहे हे पाहणाऱ्या वर्षारंभीच्या चाचणीत, गणितात गुण फार कमी पडले होते. “मॅडम, घरी पाढे घडाघडा म्हणतो हो. मग शाळेत असं कसं होतं?” त्यांच्या या प्रश्नातच अर्धे उत्तर होते, असे मला वाटते.

शाळेच्या बैठकीला वर्गशिक्षिका, गणिताचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि मी असे चौघे होतो. एकूण गुणांचा आकडा बाजूला ठेवून आम्ही उत्तरपत्रिका प्रश्नागणिक पाहिली. नुसत्या अंकांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार जवळजवळ सगळे बरोबर होते. गुण गेले होते ते शाब्दिक उदाहरणांत. ‘15 पेट्यांमध्ये प्रत्येकी 24 आंबे आहेत, तर एकूण आंबे किती?’ याचे उत्तर त्याने 39 लिहिले होते, म्हणजे दिसलेल्या दोन संख्या त्याने सरळ मिळवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गणिताच्या शिक्षकांनी तेच उदाहरण त्याला वाचून दाखवले, तेव्हा त्याने गुणाकार मांडून 360 हे उत्तर काढले. मग त्यालाच वाचायला सांगितले, तर ‘प्रत्येकी’ या जोडाक्षरांच्या शब्दापाशी तो अडखळला आणि तो शब्द गाळून पुढे गेला.

हजेरीपत्रकात गैरहजेरी जवळपास नव्हती. मराठीच्या वर्णनात्मक नोंदींत ‘तोंडी उत्तरे उत्तम’ असे होते, मात्र लेखी चाचणीत उताऱ्यावरचे प्रश्न कोरे होते. दोन विषयांच्या या नोंदी शाळेत आधीपासून होत्या, पण वेगवेगळ्या वह्यांत. त्या एका टेबलावर आल्या, तेव्हाच अडचण गणिताची नसून वाचनाची आहे हे स्पष्ट झाले. त्याची पहिली 2020-21 मध्ये, शाळा बंद असताना, आईच्या मोबाइलवर झाली होती. अक्षरओळख झाली, पण शेजारी बसून वाचून घेणारे कोणी नव्हते. अशी मुले मला आजही बऱ्याच वर्गांत भेटतात, आणि त्यांना आळशी म्हटले जाते याचे मला फार वाईट वाटते.

डोळ्यांची तपासणी आधी करून घेतली. तीत दोष निघाला नाही. मग असे ठरले की, मराठीच्या बाईंनी परिपाठानंतर रोज वीस मिनिटे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, त्याला एकट्याला वेगळे काढल्यासारखे वाटू नये म्हणून गणिताच्या तासाला शाब्दिक उदाहरणे साऱ्या वर्गासाठीच वाचून दाखवावीत आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बसावे. तक्ता वर्गात लावायचा नाही, इतर पालकांना दाखवायचा नाही, हेही मुख्याध्यापकांनी तिथेच ठरवले. आईंना मात्र मुलाच्या नोंदी ओळीने दाखवल्या.

आपल्या मुलाचे नाव अशा तक्त्यात असेल, तर ‘किती गुण कमी पडले’ एवढेच विचारून परतू नका. कोणत्या प्रकारचे प्रश्न चुकले, त्यावर शाळा नेमके काय करणार आहे, कोण करणार आहे आणि पुन्हा केव्हा पाहणार आहे, हे विचारा. चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आग्रह धरा. फेरआढाव्याची तारीख नसलेल्या तक्त्याचाच शिक्का होतो.

सहा आठवड्यांनी त्याची शाब्दिक उदाहरणे बरीच सुधारली होती, परंतु अनोळखी मजकूर वाचताना तो अजूनही अडखळत होता. अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडचण येण्याची) तपासणी करावी का, हा विषय निघाला तेव्हा आई पुन्हा घाबरल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि निदान झालेच तर पुढे परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात, हे मी त्यांना समजावले. रोजच्या वाचनाचा परिणाम आणखी काही आठवडे पाहून मग निर्णय घेण्याचे सर्वांनी मान्य केले. त्याचे नाव गणिताच्या रकान्यातून काढून वाचनाच्या रकान्यात ठेवले गेले आणि पुढच्या बैठकीसाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा ठरला.