घोरण्याच्या पलीकडे विचार

प्रिय डॉक्टर,

स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत घसा मिटून श्वास पुन्हापुन्हा अडणं) म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर घोरणारा, जाड मानेचा पुरुष येत असणार. तो ओळखायला फार हुशारी लागत नाही. निसटतात ते वेगळीच तक्रार घेऊन आलेले, आणि त्यांना स्वतःच्या रात्रीचा पत्ताच नसतो.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठणारा रुग्ण घे. दर वेळी थोडीथोडीच होत असेल तर प्रोस्टेट, मूत्राशय बघ. भरपूर होत असेल, दिवसा मात्र नेहमीइतकीच, तर झोपेची चौकशी कर. (साखर तपासायचीच.) घसा मिटलेला असताना छाती हवा ओढायला धडपडते, आतला दाब उणे होतो, रक्त हृदयाकडे जास्त खेचलं जातं आणि उजवा कप्पा ताणला जातो. अंगात पाणी वाढलंय अशी हृदयाची समजूत होते, आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं.

सकाळी उठल्याउठल्या दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं डोकं दुखतं आणि चार तासांच्या आत आपोआप थांबतं, हीसुद्धा खूण. तीन औषधं पूर्ण मात्रेत, त्यात एक लघवीचं, तरी बीपी हटत नाही, तिथेही याच आजाराचा विचार कर.

बायकांच्या बाबतीत जास्त चुकतं. त्या घोरण्याबद्दल बोलत नाहीत. थकवा, उदासी, मध्यरात्री मोडणारी झोप सांगतात. अशा वेळी झोपेची गोळी लिहून मोकळं होऊ नकोस. काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अडल्यावर येणारी जागही उशिरा येते.

'दिवसा झोप येते का?' याला बरेच जण 'नाही' म्हणतात. त्याऐवजी विचार: वाचताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर डोळा लागतो का? दिवसाची झोप मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत 24 पैकी 10 च्या वर गुण म्हणजे जास्त झोप. पण कमी गुण आले म्हणून आजार नाही असं नव्हे.

सडपातळ माणसाची हनुवटी बाजूने बघ. श्वास अडायला मागे सरकलेला जबडाही पुरेसा ठरू शकतो.

घरी यंत्र लावून केलेल्या तपासणीत श्वासाचे तासाला पाचपेक्षा कमी अडथळे आले आणि संशय दाट असेल, तर लॅबमध्ये रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी (झोप आणि श्वास दोन्ही नोंदवणारी तपासणी) करून घे. घरची बरीच यंत्रं झोप मोजत नाहीत, जागेपणीचे तासही भागाकारात धरतात. त्यामुळे आकडा लहान दिसतो.

रुग्ण वाहन चालवत असेल आणि चाकावर डुलकी लागत असेल, तर रिपोर्टची वाट बघू नकोस; गाडी आजच बंद करायला सांग.