लांब तुऱ्याचा हा मासा कोणता?

प्रश्न : प्रवाळभित्तीजवळ सुमारे १० मीटर खोलीवर एका कपारीपाशी मला दोन चपटे मासे दिसले. अंग पांढरे, त्यावर दोन रुंद काळे पट्टे, पाठीवर लांब पांढरा तुरा आणि शेपटी पिवळी. सोबतच्यांनी त्यांना ‘मूरिश आयडल’ म्हटले. छायाचित्र पाठवत आहे. हे नाव बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आपल्या छायाचित्रातील मासा ‘बॅनरफिश’ आहे. त्याचे शास्त्रीय नाव हेनिओकस अक्युमिनेटस. दोन्ही माशांचे वर्णन लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्येच केले होते, तरी आजही त्यांची गल्लत होते, कारण पाहणाऱ्याची नजर आधी तुऱ्यावर जाते आणि तुरा तर दोघांनाही असतो. म्हणून आधी शेपटी पाहावी. मूरिश आयडलची शेपटी काळी असून तिला फिकट कड असते, आणि नळीसारख्या पुढे आलेल्या त्याच्या मुस्कटावर खोगिरासारखा नारिंगी-पिवळा डाग असतो. आपल्या माशाची शेपटी स्वच्छ पिवळी आहे, पाठीवरच्या पराचा (पोहण्याच्या कल्ल्याचा) मागचा भागही पिवळा आहे आणि मुस्कटावर तसा डाग नाही. नात्यानेही हे दोघे दूरचेच: बॅनरफिश हा फुलपाखरू माशांच्या कुळातला, तर मूरिश आयडल आपल्या कुळातील एकमेव जिवंत जाती असून सर्जनफिशच्या अधिक जवळचा आहे.

खरी कसोटी पुढेच आहे. हेनिओकस डायफ्रूटीस ही जाती बॅनरफिशशी इतकी मिळतीजुळती आहे की केवळ रंगावरून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. तिच्या पोटाखालच्या मागील पराचे टोक कोनदार असते, आपल्या छायाचित्रात मात्र ते गोलसर दिसते. शिवाय आपल्या माशाचे मुस्कटही तिच्यापेक्षा किंचित लांब आहे. चित्र मोठे करून पाठीवरच्या पराचे काटे मोजले, तर ते ११ भरतात. डायफ्रूटीसमध्ये ते बहुधा १२ असतात.

आपण नोंदवलेली जागाही या ओळखीला दुजोरा देते. डायफ्रूटीस मोठ्या थव्याने भित्तीपासून दूर, मोकळ्या पाण्यात प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) टिपत फिरते, तर अक्युमिनेटसचे प्रौढ मासे बहुधा जोडीने खडकाच्या आडोशाला राहतात. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पट्ट्यात, शांत लगूनमध्ये (भित्तीच्या आतल्या पाण्यात) तसेच भित्तीच्या बाहेरील खोल उतारावर ते आढळतात. पुढच्या वेळी छायाचित्र अगदी बाजूने घ्यावे, म्हणजे खालचा पर पूर्ण उलगडलेला दिसेल.